विषुववृत्तावरचे व्याही

या पृथ्वीवर कुठंही पाऊस पडायचा असला, तरी आमच्या ताईच्या सासऱ्यांना विचारल्याशिवाय तो पडत नसावा, असं माझं पक्कं मत आहे. पडला तर का पडला, हे ते सांगतात. नाही पडला तर का नाही पडला, हेही सांगतात, आणि ते जास्त लांब असतं. लातूरकडच्या एका आडरानातल्या गावात ते शाळेचे गुरुजी. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीच्या आत विषुववृत्त. समुद्र त्यांनी जन्मात बघितलेला नाही. सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे आमच्या उमरीपर्यंतचा, तोही एसटी बदलून, वर रेल्वे पकडून. पण काँगो आणि ॲमेझॉन ही नावं ते अशी घेतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं तिकडं वावर आहे आणि यंदा भाऊबंदांनी बांध कोरलाय.

मला लोकांचे आवाज काढायची खोड आहे. उमरीच्या शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत मी कुणाला सोडलं नाही. पण ताईच्या सासऱ्यांचा नुसता आवाज काढून भागत नाही, हातही काढावा लागतो. आधी छातीत दम भरायचा. मग उजवा तळहात उताणा करून पोटाजवळ धरायचा. तो हात म्हणजे हवा. आता सुरू. "बगा, तिथं सूर्य बाराही महिने डोक्यावर. जमीन तापली, समुद्र तापला, हवा तापली. तापलेली हवा फुगती, हलकी होती, अन् हलकं झालेलं कुणी खाली थांबत न्हाई. वर जातं!" हात छातीपर्यंत येतो. "ती वर गेली, मग खाली काय राहिलं?" इथं थांबायचं. समोरचा 'जागा' म्हणेपर्यंत जेवणाचं ताट पुढं आलं तरी बोलायचं नाही. "जागा! मंजी दाब कमी. मग उत्तरेकडची हवा धावली, दक्षिणेकडची धावली, समुद्राची वाफ काखंत मारून. दोघी मधी भेटल्या. पुन्हा तापल्या, पुन्हा वर. वर गारठा. वाफेचं झालं पाणी. अन् दुपारी चार वाजले की, धो धो!" या 'धो धो'ला डोक्यावर गेलेला हात खाली येतो आणि शेजारी बसलेल्याच्या मांडीवर पडतो. त्या मांडीला विषुववृत्त आयुष्यभर लक्षात राहतं. एकदा लातूरच्या एसटीत ही मांडी कंडक्टरची निघाली. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आधी तिकीट घ्या, मंग पाऊस पाडा."

शाळेला पृथ्वीचा गोल मिळाला नव्हता. मागून मागून थकल्यावर गुरुजींनी एक लाल भोपळा आणला, त्याला चुन्यानं मधोमध पट्टा ओढला आणि वर्गात टेबलावर ठेवला. पोरं एकेक करून यायची, पट्ट्यावर बोट ठेवायची आणि 'इथं दाब कमी' म्हणून जाग्यावर बसायची. दरवर्षी नवी पृथ्वी. वार्षिक परीक्षा संपली की जुन्या पृथ्वीची भाजी. दाजींचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोराचं, म्हणणं असं की उत्तर गोलार्ध जरा पिठूळ असतो, दक्षिण गोड.

गोल नुसता बघून समजत नाही, पोरांनी स्वतः हवा झालं पाहिजे, हा त्यांचा दुसरा हट्ट. मैदानावर मधली रांग विषुववृत्त. ती पोरं उन्हात उभी राहून तापायची आणि शिट्टी वाजली की उड्या मारत वर जायची. तेवढ्यात दोन कोपऱ्यांतून दोन टोळ्या धावत यायच्या, एक ईशान्य व्यापारी वारे, एक आग्नेय. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब नेमके विषुववृत्तावर उभे राहून विचारायला लागले, "गुरुजी, इथं काय चालू आहे?" गुरुजी उत्तर देणार, तर त्यासाठी तोंडातली शिट्टी काढावी लागते, आणि काढायच्या आधी ती वाजली. दोन्हीकडचे वारे वेळेवर पोचले. साहेब धुळीतून उठले, चष्मा शोधला, पँट झटकली आणि म्हणाले, "पाठ समजला." गुरुजी हे सांगताना आजही म्हणतात, "लई हुशार माणूस. एकदाच सांगितलं, समजलं त्यांना."

अशा माणसाशी आमची सोयरिक जुळली ती दुष्काळात. नवा लातूर जिल्हा झाला होता, आणि त्या जिल्ह्याच्या वाट्याला पहिल्याच झटक्यात कोरडे आड, टँकर आणि जनावरांच्या छावण्या आल्या होत्या. ताईला बघायला पाहुणे येणार म्हणून आम्ही उमरी स्टेशनवर गेलो. दाजी उतरले. मागून गुरुजी उतरले, आणि त्यांच्या दोन्ही हातांत पत्र्याचे दोन डबे. आमच्या अण्णांना, म्हणजे वडलांना, वाटलं, खवा असेल. अण्णांचं भांड्यांचं दुकान, डबा दिसला की त्यांचे डोळे आधी झाकणाकडं जातात. डबे घ्यायला ते पुढं झाले, तर वजनानं खाली वाकले.

"काय आणलं एवढं, गुरुजी?"

"पाणी."

"पाणी? आमच्याकडं हाय की पाणी!"

"असंल. पर दुष्काळात पाव्हण्यानं यजमानाच्या घागरीला हात लावू ने. आमचं आम्ही पिऊन राहिलो. तुम्ही फिकीर करू नका."

त्या डब्यांत आधी रॉकेल होतं. पाहुण्यांनी दिवसभर रॉकेलच्या वासाचं पाणी पिलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आमच्या आईनं स्वयंपाकघरात कपाळावर हात मारला. "अगं बाई, ह्यांच्याजवळ काडी नका वढू कुणी."

पोरगी बघायला आलेले लोक काय विचारतात, सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, शिक्षण किती. ताई ते सगळं पाठ करून पोह्यांचा ट्रे घेऊन आली. गुरुजींनी पोह्याची बशी बाजूला ठेवली, तळहात पोटाजवळ धरला आणि विचारलं, "पोरी, विषुववृत्तावर रोज पाऊस कामून पडतो?"

खोलीत सगळ्यांचे घास थांबले. दाजींनी तर जमिनीकडंच बघितलं. आमची ताई मॅट्रिक पास, पण भूगोल तिचा आणि माझा सारखाच, म्हणजे परीक्षेपुरता. तिनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "कामून पडतो ते तुम्ही सांगा. पर रोज दुपारी पडत असंल तर तिथल्या बायांनी पापड वाळवायचे कवा?"

गुरुजींचा हात तिथंच अधांतरी राहिला. इतक्या वर्षांत पापडाचा विचार त्यांनी केला नव्हता. मग ते एवढे हसले की टोपी पडली. "सकाळी!" ते म्हणाले. "सकाळी ऊन असतंय बग. अकरापर्यंत वाळवून घ्यायचे. चाराच्या आत उचलायचे." एवढं बोलून ते उठले आणि नवऱ्याकडच्या माणसानं जिथं कधी पाऊल टाकू नये तिथं, थेट आमच्या स्वयंपाकघरात गेले. आईनं पदर सावरला. गुरुजींनी चुलीवरच्या चहाच्या पातेल्याचं झाकण उचललं, उलटं करून सगळ्यांना दाखवलं. झाकणाला थेंब लटकले होते. "हे बगा काँगो," ते म्हणाले. आई आजही त्या पातेल्याला काँगोच म्हणते.

पोरगी पसंत होती, पोरगा पसंत होता, आणि तरी रात्रीची गाडी यायच्या आत अण्णा आईला हळूच म्हणाले, "मी द्यायचा न्हाई." कारण साफ होतं. घरात सासू नाही, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे टँकर आला की घागर घेऊन पळायचं ते आमच्या ताईनं एकटीनं. "आपल्याकडं इस्लापूरला सहस्रकुंडाचा धबधबा कोसळून राहिलाय, अन् मी पोरगी टँकरच्या गावात देऊ?" सहस्रकुंड आमच्या दारापासून चांगलं लांब आहे आणि त्याचं पाणी आमच्या नळाला येत नाही, पण अशा वेळी अण्णा ते स्वतःच्या नावावर धरतात.

गुरुजींच्या कानावर ते गेलं. ते बिलकुल खचले नाहीत. "अण्णासाहेब, आता लातूर जिल्हा झालाय. मंजी तिथं कमी दाब तयार झालाय. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, चारी बाजूंनी माणसं धावून राहिलीत. आधी वारे येतात, पाणी मागून येतं. थोडं थांबा."

"पोरीच्या डोक्यावर घागर दिऊन थांबू का?" अण्णा म्हणाले.

गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "घर बघायला या. बघून न्हाई म्हणा. न बघता न्हाई म्हणू नका."

तर घर बघायला अण्णा आणि मी निघालो. अण्णांनी नकार तयार करून घेतला होता, तोही गोड शब्दांत. भोकरच्या आत्याला मध्ये घालून पत्रिका जुळत नाही असं म्हणायचं. मी रस्ताभर तो नकार त्यांच्या आवाजात त्यांनाच म्हणून दाखवत होतो, तेव्हा ते म्हणाले, "गप बस. तू म्हणलास की खोटं वाटतंय."

फाट्यावर गुरुजी घ्यायला आले होते. फाट्यापासून गाव चालत. दोन्ही बाजूंनी काळी जमीन अशी भेगाळलेली की चप्पल अडकावी. गुरुजींनी वाटेतच सांगून टाकलं. "घरात आज एकच घागर पाणी हाय. चहा हुईल. पाय धुवायला वाटीभर दीन. आंघोळीचं नाव काढू नका. रांजण तीन हायत, तिन्ही कोरडे. झाकून सांगत न्हाई."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. नकार आता पत्रिकेशिवायही जमत होता.

आम्ही अंगणात शिरलो. आणि अंगणात तीन रांजण काठोकाठ भरलेले. एवढे भरलेले की कडेनं माती ओली झाली होती. भिंतीपलीकडं शेजारच्या मावशी उगीच तुळशीला पदरानं वारा घालत उभ्या. दारात गावचा एक पैलवान, नुसता आभाळाकडं बघत. आणखी चारसहा जण असे उभे, जणू त्यांचा आणि पाण्याचा जन्मात संबंध आला नाही.

अण्णांचा चेहरा उजळला. "अवो गुरुजी, तुम्ही तर म्हणले कोरडे!"

दुसरा कुणी असता तर गालात हसला असता, म्हणाला असता, आमचं असंच, बोलायचं कमी. मुलाचं लग्न समोर भरून ठेवलं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण ताईचे सासरे पहिल्या रांजणाजवळ गेले, आत डोकावले, आणि त्यांच्या कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे एकमेकांना चिकटले.

"हे पाणी आलं कुठून?"

"तुमचंच हाय, गुरुजी," पैलवान म्हणाला.

"माझं? मी तासाभरामागं बघून गेलो. कोरडा होता."

"झिरपलं आसंल."

"झिरपलं?" गुरुजींचा वर्ग सुरू झाला. "रांजणात? खालून का वरून? ढग हाय का कुठं? वाफ हाय का? बिनकारणाचं पाणी विषुववृत्तावर सुदीक पडत न्हाई, अन् ते माझ्या अंगणात कामून पडंल?"

दाजी दारातून खुणा करत होते. पैलवान खुणा करत होता. भिंतीपलीकडून मावशी तर दोन्ही हातांनी. गुरुजींनी रांजणात हात घातला आणि एक पान बाहेर काढलं. "कडुलिंब. कडुलिंब गावात एकाच्याच दारात हाय." त्यांनी पैलवानाकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, पण पायानं माती उकरायला लागला. "माझी... माझ्या दोन घागरी."

"अन् बाकी?"

मग एकेक जण बोलायला लागला. कुणाची एक, कुणाची अर्धी. एकानं बैलाचं पाणी ओतलं होतं, तो म्हणाला, "बैलाला सांगितलं, आज जरा कळ काढ, गावात लग्न हाय." शेवटी राहिल्या मावशी. त्यांना काही ते सहन झालं नाही. भिंतीवरून त्यांनी जो तोफखाना सोडला तो मी आजवर कितीतरी घरांत काढून दाखवलाय.

"हाव, आम्हीच वतलं! गुन्हा केला का? दोन साल झाले, गावात नवी सून आली न्हाई. येतेत, रांजण बगतेत, चहा पितेत अन् पत्रिका जुळत न्हाई म्हणून जातेत. माझा पोरगा तसाच, पैलवानाचा भाऊ तसाच. म्हणलं, एक आली की तिच्या मागं बाकीच्या येतील. तुम्हीच शिकवलं न्हवं लेकरांना? अन् तुम्हीच आता इन्स्पेक्टर होऊन राहिलात! जळ्ळी मेली ती तुमची शाळा!"

अण्णा 'पत्रिका' या शब्दाला जरा खोकले.

गुरुजी आमच्याकडं वळले. मी त्यांच्या आवाजाचा एवढा अभ्यासू, पण तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. एकदम हळू. "अण्णासाहेब, गावानं माझ्यासाठी खोटं केलं. मला काही बोलता येत न्हाई. तुम्ही म्हणाल ते दुरुस्त. पोरगी नका देऊ. माझा पोरगा चांगला हाय, पर त्याच्यासाठी असा रांजण दाखवणं मला जमायचं न्हाई."

दाजी दारातून आत निघून गेले. मावशींनी पदर तोंडाला लावला.

अण्णा रांजणाजवळ गेले. भांडेवाला माणूस, त्यांनी आधी सवयीनं रांजणाला टिचकी मारली. मग गुरुजींच्याच आवाजात म्हणाले, म्हणजे त्यांना वाटलं त्यांच्या आवाजात, ही खोड मला कुठून आली ते तेव्हा समजलं. "गुरुजी, रांजण रिकामा होता. म्हणजे इथं दाब कमी होता. मग चारी बाजूंनी हवा धावून आली, काखंत पाणी मारून. असंच न्हवं?"

गुरुजींचा तळहात आपोआप पोटाजवळ गेला.

"माझ्या दुकानात रोज माणसं घागर घ्याला येतेत," अण्णा म्हणाले. "समदे म्हणतेत, मोठी द्या. भरलेली घागर दुसऱ्याच्या रांजणात वतणारं गाव मी पयल्यांदा बगून राहिलो. आधी ज्याचं पाणी त्याला द्या. बैलाला पयलं. मग चहा ठेवा. पोरीला विचारून कळवतो."

पाणी परत करताना जे भांडण झालं ते पाणी आणतानाही झालं नसेल. पैलवान म्हणे, माझी एकच घागर होती. मावशी म्हणे, अन् दुसरी काय बैलानं आणली? जो तो आपलं कमी सांगून शेजाऱ्याच्या घागरीत जास्त ओतायला बघत होता, आणि गुरुजी मधोमध उभे राहून ओरडत होते, "खरं सांगा! खरं सांगा रे!" शेवटी तिसऱ्या रांजणाच्या तळाशी थोडं पाणी उरलंच, त्याचा कुणी मालक सापडेना. त्याचा चहा झाला. कडुलिंबाची थोडी चव होती.

उमरीला आल्यावर अण्णा ताईला म्हणाले, "मी सांगत न्हाई. हा सांगंल." मग मी ताईला सगळं करून दाखवलं. पैलवान, बैलवाला, मावशी, गुरुजी, रांजण. ताई हसून हसून भिंतीला टेकली. पण गुरुजींचा तो हळू आवाज काढला तेव्हा तिनं हसायचं थांबवलं. "पुन्हा म्हण," ती म्हणाली. मी म्हणालो. मग ती उठली, पदर खोचला आणि चुलीपुढं जाता जाता म्हणाली, "जे घर पाव्हण्यापुढं सुदीक खोटं बोलंना, तिथं मला काय भ्या हाय? घागर काय, इथं बी उचलतेच की. कळवा."

हळदीच्या दिवशी मांडवात मी भर रंगात होतो. तळहात पोटाजवळ, वर छातीपर्यंत, दोन्हीकडून वारे, धो धो. लोक खाली लोळत होते आणि अचानक सगळे गप्प झाले. मागं ताईचे सासरे उभे. वरपक्षाचा म्हातारा, व्याही, आणि मी त्यांची नक्कल करताना सापडलेलो. आईनं डोळे मिटून घेतले. गुरुजी माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "आवाज दुरुस्त हाय. वारे चुकले. उत्तरेचा वारा सरळ येत न्हाई, पृथ्वी फिरती मनून तो उजवीकडं वळतो. असा ये." आणि भर मांडवात त्यांनी मला तीन वेळा ईशान्येकडून चालवत आणलं. हळद लावलेली ताई तोंडात पदर कोंबून हसत होती.

ते लग्न झालं, आणि मावशींचं म्हणणं खरं ठरलं. ताईच्या मागं गावात आणखी सुना आल्या. पुढच्या साली पाऊसही बरा झाला. गुरुजींच्या मते त्यात नवल काही नव्हतं. विषुववृत्तावरचा तो कमी दाबाचा पट्टा उन्हाळ्यात सूर्याच्या मागं मागं उत्तरेला सरकतो, पाहुण्यासारखा चार महिने आपल्याकडं मुक्काम करतो आणि सूर्य परत फिरला की हाही पिशवी उचलतो. "काँगोत तो घरजावई हाय, आपल्याकडं पाव्हणा. पाव्हण्याला उशीर होतो कधी. एखाद्या साली येतच न्हाई. मनून काय अंथरूण घालायचं सोडायचं?"

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटून आलो. गावात आता नळ आलाय. पण गल्लीत माणूस दिसेना. दाजींना लातूरच्या नव्या कचेरीत नोकरी लागली, ताई आणि लेकरू तिकडंच. पैलवान तिकडं कुठल्या गोदामावर वॉचमन. मावशींचा पोरगा आणि सून तिकडं. गुरुजी ओट्यावर एकटे बसले होते, दुपारी चारच्या सुमाराला, आभाळाकडं तोंड करून. अंगणात तेच तीन रांजण. दोन भरलेले, तिसरा रिकामा आणि उघडा.

"नळ हाय की, मग हा कामून रिकामा?" मी विचारलं.

"एक असू दे," ते म्हणाले. "समदं भरून ठेवल्यावर कुणी कामून येईल?"

मी म्हणालो, तुम्ही चला ना लातूरला. ताई किती वेळा सांगते. तर तळहात पोटाजवळ गेलाच. "तिकडं दाब कमी झालाय, हे मीच सांगितलं न्हवं तुझ्या अण्णाला? मग माझाच पोरगा गेला तर फिर्याद कुठं करू? पर ऐक. वर गेलेली हवा वरच राहत न्हाई. लांब जाती, थंड होती, खाली उतरती, अन् जमिनीवरून सरपटत परत तिथंच येती, जिथून निघाली. चक्कर पुरी करती ती. इथं आता समदं रिकामं हाय. येतील." एवढं ठामपणे सांगितलं की मी गल्लीच्या तोंडाकडं बघितलं.

मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तुझ्या ताईचा आवाज येतो का रं तुला काढता?"

ताईचा आवाज मी कधी काढला नव्हता. लांब गेलेल्या माणसाचाही काढायचा असतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. ताई त्यांना अप्पा म्हणते. मी आतल्या दाराकडं तोंड केलं आणि हाक मारली, "अप्पा, चहा झाला! या बरं, निवून चालला!"

"आलो गं," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून अर्धे उठलेसुद्धा. एका पायात चप्पल गेली होती. मग परत बसले. "बरोबर हाय," ते म्हणाले. "फक्त ती 'निवून चालला' म्हणत न्हाई. 'वाफ चालली' मनती. मी शिकवलंय."

मी पुन्हा हाक मारली. या वेळी जरा मोठ्यानं. "अप्पा, चहा झाला! वाफ चालली!"

आम्ही दोघांनी खरंच चहा ठेवला. पातेल्यावरचं झाकण त्यांनी उचलून बघितलं, थेंब होते, समाधान झालं. तेवढ्यात गल्लीतून चपला फटफटत आल्या आणि मावशी धापा टाकत अंगणात. हातात पीठ तसंच. "सूनबाई आली व्हय? आवाज आला मला!" त्यांचे डोळे घरभर फिरले.

एक खोटा शब्द बोलले असते तर चहा होईपर्यंत तरी म्हातारी खूश राहिली असती. पण ताईचे सासरे ते. "न्हाई आली," ते म्हणाले. "ह्या पाव्हण्यानं आवाज काढला."

मावशी उभ्याच राहिल्या. मी वाट बघत होतो, आता तो तोफखाना सुटणार. त्यांनी हात पदराला पुसले, उंबऱ्यापाशी बसल्या आणि बशीसाठी हात पुढं केला. गुरुजींनी ओतला. ओतताना त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं, आली की नाही हवा, असं. वर्गात उत्तर बरोबर आलं की बघायचे, तसं.

मावशींनी एक घोट घेतला. मग बशीत बघत म्हणाल्या, "आणखी एकदा काढ की रं, बाळा. अन् मग माझ्या सुनंचा बी काढ. तू ऐकला न्हाईस तिचा. मी सांगते कसा हाय ते."